घरचें टपाल आणि परका दरवान

जालना शहरांत मस्तगड नांवाचा एक जुना भाग आहे. आसफजाहाच्या आज्ञेवरून काबिलखानानें इ. स. १७२५ च्या सुमारास जालन्यास जो किल्ला बांधविला, त्याचा हा बालेकिल्ला. गड म्हटला कीं दरवाजा आला, आणि दरवाजा म्हटला कीं दरवान आला. दाराशीं आलेल्या माणसाला दरवान आधीं विचारणार तें इतकेंच कीं, तूं कोणाकडून आलास आणि तुला येथें ओळखतो कोण. पोतडींत काय आहे ही चौकशी त्यानंतरची. गडांचे दिवस केव्हांच मावळले. परंतु दरवानाचा हा प्रश्न मात्र मावळला नाहीं. संगणकावरून धाडलेलें प्रत्येक पत्र आज अशाच एका अदृश्य दरवाजाशीं येऊन थांबतें, आणि मजकूर वाचला जाण्यापूर्वीं त्याला हाच प्रश्न विचारला जातो. ज्या पत्राला समाधानकारक उत्तर देतां येत नाहीं, तें कितीहि प्रामाणिक असलें तरी परत फिरविलें जातें, किंवा केराच्या टोपलींत निमूटपणें टाकलें जातें.

एका साध्या उदाहरणानें ही गोष्ट ध्यानांत येईल. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं 'महिको' ही कंपनी जालन्यास स्थापन केली, तेव्हांपासून बियाण्यांचा धंदा या शहराच्या अंगवळणीं पडला आहे. समजा, मस्तगडांत बियाणें विकणारी एक लहानशी पेढी आहे. पेढीच्या मालकानें स्वतःच्या नांवाचा पत्ता घेतला. पत्रांची ने-आण करणारा संगणक, म्हणजे मेल सर्व्हर, आपल्या कचेरींत उभा केला. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यांत कपाशी व तुरीच्या बियाण्यांचे भाव परभणी, बुलढाणा, वाशीम येथील चाळीस गिऱ्हाइकांस कळविले. सर्व्हरच्या नोंदवहींत चाळीसहि पत्रें स्वीकारलीं गेल्याची नोंद झाली. उत्तर मात्र तिघांचेंच आलें. पंधरा दिवसांनीं चौकशी करतां असें आढळलें कीं, बाकीचीं पत्रें पोंचलीं होतीं हें खरें. पण तीं 'स्पॅम' म्हणजे टाकाऊ टपालाच्या कप्प्यांत पडून होतीं. तोंवर मृग सरला होता आणि पेरण्याहि उरकत आल्या होत्या. पत्र परत आलें असतें तर टेलिफोन तरी करतां आला असता. येथें तें हरवलेंहि नव्हतें आणि मिळालेंहि नव्हतें. या मालकाचें चुकलें काय, हें समजून घेण्यासाठीं ई-मेलची रचना थोडी पाहिली पाहिजे.

प्रथम हा प्रश्न उपस्थित होईल कीं, मुळांत असा उपद्व्याप करावाच कशाला? बहुतेक कुटुंबें आज दोनचार मोठ्या कंपन्यांच्या आश्रयानें पत्रव्यवहार करतात. सोय उत्तम असते. बहुधा दामहि मोजावा लागत नाहीं. परंतु त्या घराची किल्ली दुसऱ्याच्या हातीं असते. कंपनीच्या यंत्राला कांहीं संशय आला आणि खातें बंद झालें, तर वर्षानुवर्षांचीं पत्रें, बिलें, छायाचित्रें आणि स्वतःचा पत्ताहि एका क्षणांत हातचा जातो. आणि गाऱ्हाणें कोणापुढें मांडावें हें पुष्कळदां उमगत नाहीं. म्हणून कांहीं संस्था, कांहीं व्यापारी आणि कांहीं हौशी गृहस्थ आपलें टपालघर आपणच चालवावें असा बेत करतात. त्यासाठीं लागणारीं साधनें दुर्मिळ नाहींत. पत्रें नेणारा 'पोस्टफिक्स' हा प्रोग्रॅम वित्से वेनेमा यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केला, आणि आलेलीं पत्रें वाचकाच्या हातीं देणारा 'डव्हकॉट' २००२ मध्यें निघाला. दोन्ही विनामूल्य मिळतात, आणि बेतास बात अशा संगणकावरहि सुरळीत चालतात.

किंबहुना ई-मेलचें मूळचें स्वरूप असेंच होतें. १९७१ सालीं रे टॉमलिन्सन यांनीं माणसाचें नांव आणि यंत्राचें नांव यांच्यामध्यें 'ॲट'चें चिन्ह घालून एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र धाडलें. पुढें ऑगस्ट १९८२ मध्यें जोनाथन पोस्टेल यांनीं पत्रें पोंचविण्याचे नियम लिहून प्रसिद्ध केले. एस. एम. टी. पी. या नांवानें ते ओळखले जातात. त्या नियमांत लहान-मोठा असा भेद नव्हता. ज्याच्यापाशीं यंत्र आणि तार, तो प्रत्येकजण आपल्या दारचा पोस्टमास्तर होता. महाराष्ट्रांतहि आरंभ असाच झाला. १९८६-८७ च्या सुमारास जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आय. आय. टी. यांच्यामध्यें टेलिफोनच्या तारेवरून ई-मेलची ने-आण सुरू झाली. 'अर्नेट' या शिक्षण-संशोधनाच्या जाळ्याचा तो प्रारंभ होय. दोन्ही संस्था आपापलें टपाल आपणच सांभाळीत. पत्र कोणाकडून आलें याविषयीं शंका घेण्याचें कारण नव्हतें. कारण पलीकडचा माणूस ओळखीचा असे. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें, आणि ओळखीच्या मंडळींचें हें लहानसें गांव पाहतां पाहतां अफाट नगर झालें.

गांवाचे रिवाज नगराला पुरत नाहींत. पोस्टेल यांच्या नियमांप्रमाणें दोन यंत्रांचा संवाद मोठा सरळ आहे. पाठविणारें यंत्र आधीं आपलें नांव सांगून नमस्कार करतें. मग 'अमक्याकडून पत्र आहे' असें म्हणतें. 'अमक्यासाठीं आहे' असें सांगतें. आणि शेवटीं पत्राचा मजकूर हवालीं करतें. घेणारें यंत्र प्रत्येक वाक्याला अंकानें उत्तर देतें. २५० म्हणजे मान्य. ४ नें आरंभ होणारा अंक म्हणजे 'आतां नको, थोड्या वेळानें या'. आणि ५ नें आरंभ होणारा अंक म्हणजे 'येऊंच नका'. मस्तगडच्या पेढीला चाळीसहि वेळां २५० हेंच उत्तर मिळालें. परंतु २५० याचा अर्थ 'पत्र ताब्यांत घेतलें' एवढाच आहे. तें दिवाणखान्यांत ठेवलें कीं अडगळीच्या खोलींत टाकलें, हें दरवान सांगत नाहीं. सांगण्याचें त्याला बंधनहि नाहीं.

या संवादांत दोन छिद्रें आहेत. एक तर, 'अमक्याकडून' असें जें सांगितलें जातें, तें खरें आहे कीं नाहीं याची तपासणी मूळ नियमांत कोठेंच नाहीं. दुसरें असें कीं, पाठविणाऱ्याचें नांव दोन ठिकाणीं येतें : एकदां लिफाफ्यावर, म्हणजे यंत्रांच्या संवादांत, आणि एकदां आंतल्या पत्राच्या माथ्यावर. वाचणाऱ्याला दिसतें तें माथ्यावरचें. या दोन नांवांचा मेळ असलाच पाहिजे असें नाहीं. पोस्टाच्या पेटींत कोणीहि कोणाच्याहि नांवानें पत्र टाकूं शकतो, तशीच ही गोष्ट आहे. फरक इतकाच कीं, पोस्टाला तिकीट लागतें आणि येथें कांहींच लागत नाहीं. एक पत्र धाडणें आणि एक लाख धाडणें यांच्या खर्चांत नांव घेण्याजोगें अंतर नाहीं.

या फुकटेपणाचा लाभ घेणारे लौकरच निघाले. मे १९७८ मध्यें अमेरिकेंतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क या विक्रेत्यानें नव्या संगणकांची जाहिरात सुमारें चारशें लोकांना एकदम पाठविली. न मागतां आलेल्या घाऊक टपालाचें हें पहिलें उदाहरण मानतात. 'स्पॅम' हें मूळचें डबाबंद मांसाचें नांव. १९७० सालच्या एका इंग्रजी विनोदी प्रवेशांत तो शब्द इतक्या वेळां घोकला जातो कीं दुसऱ्या कोणाचें बोलणेंच ऐकूं येत नाहीं. त्यावरून असल्या टपालाला तें नांव पडलें. पूर्वीं पुष्कळसे सर्व्हर कोणाचेंहि पत्र पुढें नेऊन पोंचवीत. वाटसरूला पाणी द्यावें तसा तो शेजारधर्म होता. लुच्च्यांनीं त्याच शेजारधर्माचा उपयोग आपला केर जगभर वाटण्यासाठीं केला, आणि उघडीं दारें मिटवावीं लागलीं. मग दरवान नेमले गेले, आणि त्यांचा पहारा एकावर एक असा चार पदरी झाला.

पहिला पहारा यादीचा. १९९७ सालीं पॉल व्हिक्सी यांच्या पुढाकारानें उपद्रवी यंत्रांच्या पत्त्यांची एक यादी सुरू झाली; पुढच्याच वर्षीं लंडनमध्यें स्टीव्ह लिनफर्ड यांनीं 'स्पॅमहॉस' ही संस्था काढली. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला आय. पी. पत्ता म्हणून एक अंक असतो. पत्र आलें कीं घेणारें यंत्र तो अंक यादींत पाहतें. असेल तर पत्र दारांतूनच परत. येथें एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. स्पॅमहॉसच्या याद्यांपैकीं एका यादींत केवळ गुन्हेगारच नव्हेत, तर घरगुती जोडण्यांना दिलेले अंकांचे समूहच्या समूह नोंदलेले असतात. त्यामागील कारण समंजसपणाचें आहे : घरगुती संगणकाला विषाणूची बाधा झाली म्हणजे मालकाच्या नकळत तो हजारों पत्रें सोडूं लागतो, आणि सामान्य गृहस्थाला स्वतःच्या यंत्रांतून थेट टपाल धाडण्याचें प्रयोजन नसतें. पण याचा परिणाम असा कीं, मस्तगडच्या पेढीनें पहिलें पत्र लिहिण्याआधींच तिचा अंक यादींत असण्याचा संभव असतो. त्यांत तिचा दोष कांहीं नाहीं. वस्तीवरून माणसाची पारख करण्याचा हा प्रकार आहे.

म्हणून पहिला उपाय जागेचा. घरगुती जोडणीचा अंक वारंवार बदलतो, किंवा एकच अंक अनेक घरांत वांटलेला असतो. शिवाय टपाल बाहेर नेणारी वाट, जिला पोर्ट २५ म्हणतात, ती अनेक सेवादार घरगुती गिऱ्हाइकांपुरती बंदच ठेवतात. तेव्हां एक तर सेवादाराकडून व्यापारी जोडणी आणि कायमचा अंक घ्यावा, नाहीं तर यंत्र-भांडाराची सोय असलेल्या शहरांत एखादें लहानसें यंत्र मासिक भाड्यानें घ्यावें आणि टपालघर तेथें थाटावें. अंक पदरांत पडण्यापूर्वीं तो याद्यांत नाहीं ना, हें पाहणें अगत्याचें. कारण भाड्याच्या घराप्रमाणें अंकालाहि पूर्वींचे भाडेकरू असतात, आणि त्यांची बदनामी नव्याला चिकटते. चुकून नोंद झाली असल्यास ती काढून टाकण्यास स्पॅमहॉस पैसे घेत नाहीं. शेवटची गोष्ट अशी कीं, नांवावरून अंक सांपडतो तसें अंकावरून नांवहि सांपडलें पाहिजे. या उलट नोंदीला पी. टी. आर. म्हणतात. ती अंकाच्या मालकाच्या, म्हणजे सेवादाराच्या हातीं असते. ती मागून घ्यावी लागते. यंत्र नमस्कार करतांना जें नांव सांगतें तेंच त्या नोंदींत असलें, तर दरवानाची पहिली शंका फिटते.

दुसरा पहारा पुराव्याचा. हाच सर्वांत महत्त्वाचा, आणि बियाण्यांच्या व्यापाऱ्याला तो समजण्यास मुळींच अवघड नाहीं. १९६६ च्या बियाणें कायद्यापासून प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी खूणचिठ्ठी लावतात आणि पिशवीला मोहोर करतात. महाराष्ट्रांत हें काम अकोल्याची बीज प्रमाणीकरण यंत्रणा पाहते. शेतकरी दाणा फोडून पाहत नाहीं. तो चिठ्ठी पाहतो आणि मोहोर शाबूत आहे ना हें पाहतो. ई-मेललाहि अशा तीन खुणा आहेत.

पहिली खूण एस. पी. एफ. ही होय. इंटरनेटवर प्रत्येक नांवासाठीं पत्त्यांची एक सार्वजनिक वही असते, तिला डी. एन. एस. म्हणतात. त्या वहींत पेढीनें एक ओळ लिहून ठेवावयाची कीं, 'आमच्या नांवाचें टपाल अमुक अंकाच्या यंत्रांतूनच निघेल.' अधिकृत विक्रेत्यांची यादी दुकानाबाहेर लावावी तसें हें आहे. दुसऱ्याच कोठून आमच्या नांवाचें पत्र आलें तर तें आमचें नव्हे. ही पद्धति २००६ सालीं लिहून प्रसिद्ध झाली. मात्र ही तपासणी लिफाफ्यावरील नांवाची असते. आणि कोणी आपलें पत्र दुसऱ्या पत्त्यावर पुढें वळविलें कीं वाटेंतलें यंत्र बदलतें व तपासणी फसते.

दुसरी खूण डीकिम या नांवाची. ही पत्राची मोहोर. याहू आणि सिस्को या कंपन्यांच्या दोन निरनिराळ्या योजना एकत्र करून २००७ सालीं ती सिद्ध झाली. येथें किल्ल्या दोन असतात. एक गुप्त, ती सर्व्हरपाशीं राहते. दुसरी उघड, ती त्या सार्वजनिक वहींत नोंदलेली असते. गुप्त किल्लीनें पत्राच्या माथ्यावर व मजकुरावर गणिती मोहोर उठवावयाची, आणि घेणाऱ्यानें उघड किल्लीनें ती पडताळून पाहावयाची. वाटेंत मजकुरांतील एक अक्षर बदललें तरी मोहोर जुळत नाहीं. पत्र पुढें वळविलें तरी, मजकूर न बदलल्यास, मोहोर टिकते. किल्ली २०४८ बिटांची असावी असा आजचा संकेत आहे.

तिसरी खूण डीमार्क. २०१२ सालीं ती पुढें आली आणि मार्च २०१५ मध्यें लेखी स्वरूपांत प्रसिद्ध झाली. वाचणाऱ्याला दिसणारें माथ्यावरचें नांव आणि वरील दोन खुणांपैकीं निदान एकीनें सिद्ध झालेलें नांव यांचा मेळ असलाच पाहिजे, असें ती बजावते. आणि मेळ नसेल तर काय करावें हें नांवाचा धनीच आगाऊ सांगून ठेवतो : कांहीं करूं नये, संशयित म्हणून बाजूला ठेवावें, किंवा परत लावावें. मोठ्या कंपन्या याविषयींचे गोषवारे नांवाच्या धन्याकडे बहुधा दररोज पाठवितात. नव्यानें आरंभ करणाऱ्यानें पहिल्यानें 'कांहीं करूं नये' एवढेंच लिहावें, कांहीं आठवडे ते गोषवारे वाचावे, आपलीं सर्व पत्रें नीट जुळतात अशी खात्री झाली म्हणजे मग कडक व्हावें. एकदम कडक होणाऱ्याचीं स्वतःचींच पत्रें पुष्कळदां अडकतात. हिशेबाचा प्रोग्रॅम दुसऱ्याच यंत्रावरून बिलें पाठवीत असतो, याचा विसर पडलेला असतो.

एका गोष्टींत मात्र बियाण्याची उपमा अपुरी पडते. निळी चिठ्ठी त्रयस्थ यंत्रणा देते आणि ती दाण्याच्या गुणाची हमी असते. डीकिमची मोहोर पाठविणारा स्वतःच उठवितो. तिच्यावरून पत्र कोणाचें हें सिद्ध होतें, पत्र चांगलें आहे हें सिद्ध होत नाहीं. लुच्चा मनुष्यहि तिन्ही खुणा बिनचूक लावूं शकतो, आणि लावतोहि. म्हणून पुढचे दोन पहारे उरतातच.

तिसरा पहारा मजकुराचा. थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचा संभाव्यतेचा सिद्धान्त त्याच्या मृत्यूनंतर १७६३ सालीं छापला गेला. त्याचा आधार घेऊन ऑगस्ट २००२ मध्यें पॉल ग्रॅहम यांनीं एक निबंध लिहिला, आणि तेव्हांपासून ही रीत सर्वत्र पसरली. टाकाऊ पत्रांत कोणते शब्द किती वेळां येतात आणि चांगल्या पत्रांत किती वेळां, हें यंत्र मोजून ठेवतें, आणि नव्या पत्रांतील शब्दांवरून तें कोणत्या जातीचें असण्याचा संभव अधिक हें काढतें. आज या पद्धतीला कितीतरी अधिक गुंतागुंतीचें रूप आलें आहे. तत्त्व तेंच आहे. या पहाऱ्याला चुकविण्यासाठीं शब्दांची तोडमोड करणें हा खरा उपाय नव्हे. तोडमोड हीच संशयाची खूण ठरते. साधी भाषा, थोडे दुवे, चित्रांतच सगळा मजकूर कोंबण्याऐवजीं अक्षरांत लिहिलेला मजकूर, आणि अनावश्यक जोडपत्रांना फांटा, एवढें पाळलें तरी पुष्कळ झालें.

चौथा पहारा लौकिकाचा, आणि मस्तगडच्या पेढीची चाळीस पत्रें येथेंच अडकण्याचा संभव सर्वांत अधिक. समजा, तिच्या तिन्ही खुणा ठीक होत्या आणि अंकहि निर्मळ होता. तरीसुद्धां त्या अंकावरून आणि त्या नांवावरून पूर्वीं कधीं टपाल आलेलेंच नव्हतें. कोणी तें उघडलें, कोणी उत्तर दिलें, कोणी 'हा केर आहे' अशी तक्रार केली, यांपैकीं कांहींच मोठ्या कंपन्यांच्या दफ्तरीं नव्हतें. अपरिचित नांवावरून एकाच दिवशीं एकाच मजकुराचीं चाळीस पत्रें येतात, त्यांत भाव असतात आणि दुवे असतात. दरवानाच्या दृष्टीनें हें चित्र लुच्च्याच्या चित्राहून फारसें निराळें नाहीं. पेढीवर आरोप कोणताच नव्हता. तिला कोणी ओळखत नव्हतें, एवढाच तिचा अपराध.

ओळख विकत मिळत नाहीं; ती मुरावी लागते. आरंभीं दिवसाकाठीं पांचदहाच पत्रें जावीं, आणि तींहि अशा माणसांना कीं जे उत्तर देतील. उत्तर आलें म्हणजे दोघांमध्यें खराखुरा व्यवहार आहे याची नोंद होते. ज्यांच्याकडे पत्र टाकाऊ कप्प्यांत गेलें असेल त्यांना टेलिफोन करून 'हें केर नव्हे' अशी खूण करण्यास सांगावें, आणि पेढीचा पत्ता त्यांच्या वहींत लिहून घेण्यास सांगावें. मग हळूहळू संख्या वाढवावी. कोणाकडून पत्त्यांच्या याद्या विकत घेऊं नयेत. त्यांत मेलेले पत्ते असतात, आणि लुच्च्यांना पकडण्यासाठीं मुद्दाम पेरून ठेवलेले पत्तेहि असतात. तेथें एक पत्र पडलें कीं महिन्यांचा लौकिक धुळीस मिळतो.

या रिवाजांना फेब्रुवारी २०२४ पासून लेखी नियमांचें रूप आलें आहे. गूगल आणि याहू यांनीं त्या महिन्यापासून नव्या अटी लागू केल्या. गूगलच्या अटींप्रमाणें एस. पी. एफ. किंवा डीकिम यांपैकीं एक खूण, उलट नोंद आणि सांकेतिक वाहतूक हीं लहानमोठ्या सर्वांनाच आवश्यक आहेत. जो दिवसाला ५,००० हून अधिक पत्रें तेथें पाठवितो, त्याला तिन्ही खुणा लागतात. जाहिरातीच्या पत्रांत एका टिचकीसरशीं नांव कमी करण्याची सोय द्यावी लागते. आणि तक्रारींचें प्रमाण शेंकडा ०.३ च्या आंत ठेवावें लागतें. मायक्रोसॉफ्टनेंहि मे २०२५ पासून घाऊक पत्रकर्त्यांस तशाच अटी लावल्या. लहान पेढी पांच हजारांच्या जवळपासहि जात नाहीं. तथापि तिनें तिन्ही खुणा लावणेंच शहाणपणाचें. ज्याला ओळख कमी, त्यानें कागदपत्रें अधिक बाळगावीं.

टपालघर चालविणें म्हणजे नुसतें पत्र धाडणें नव्हे. घर सांभाळणेंहि आलें. सर्व्हरनें परक्याचें पत्र पुढें नेतां कामा नये. संकेतशब्द लांब व निरनिराळे असावे; कारण एकाच कारकुनाचा संकेतशब्द चोरीस गेला तर रातोरात हजारों पत्रें सुटतात आणि सकाळीं पेढीचें नांव याद्यांत झळकतें. संभाषण गुप्त ठेवण्यास लागणारें प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था २०१५ पासून विनामूल्य देते. तें वेळच्या वेळीं नवें करून घ्यावें. नोंदवही दररोज वाचावी. ४ आणि ५ नें आरंभ होणाऱ्या उत्तरांशेजारीं कारण लिहिलेलें असतें, आणि बहुतेक दुखण्यांचें निदान तेथेंच होतें. पत्रांची प्रत दुसऱ्या ठिकाणीं जतन करावी. वीज गेली म्हणून फार घाबरण्याचें कारण नाहीं. घेणारें यंत्र बंद असलें तर पाठविणाऱ्यानें वरचेवर प्रयत्न करीत राहावें, आणि चारपांच दिवस तरी नाद सोडूं नये, असा संकेत आहे. रात्रभर अंधार झाला तरी येणारें टपाल सहसा हरवत नाहीं. उशिरा येतें इतकेंच.

स्वतःच्या टपालघराचा आणखी एक लाभ मराठी माणसाला विशेष वाटेल. २०१२ सालीं पत्त्यांत रोमनेतर लिपी चालविण्याचे नियम ठरले, आणि २०१४ मध्यें 'डॉट भारत' हें नांव देवनागरींत मिळूं लागलें. पोस्टफिक्सनें २०१५ पासून त्याला अनुकूलता दिली आहे. म्हणजे पेढीचा सबंध पत्ता मराठींत लिहितां येतो. पण जगांतील सर्वच सर्व्हर असा पत्ता समजूं शकत नाहींत. म्हणून जोडीला रोमन पत्ता ठेवावाच लागतो.

इतकें सारें केल्यावरहि दरवान उघडेलच अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं. त्याचे अंतर्गत नियम त्याचे तोच जाणतो. ते उघड केले तर लुच्चेहि ते वाचतील, हें त्याचें म्हणणें अगदींच चुकीचें नाहीं. पण त्यामुळें असें झालें आहे कीं, जी व्यवस्था बरोबरीच्या नात्यानें सुरू झाली, तींत थोड्या मोठ्या दारांचा शब्द अखेरचा ठरूं लागला आहे. लहानांनीं कंटाळून आपलीं टपालघरें मिटलीं, तर पत्र धाडण्याचा सार्वजनिक मार्ग दोनचार मालकांच्या अंगणांतूनच जाईल. म्हणून ज्याला जमेल त्यानें हा खटाटोप करणें हें नुसतें हौसेचें काम नव्हे.

ज्याला सगळाच भार पेलवत नाहीं, त्याच्यासाठीं मधला मार्ग आहे. येणारें टपाल आणि त्याचा सांठा आपल्या सर्व्हरवर ठेवावा, आणि जाणारें टपाल एखाद्या नांवाजलेल्या वाहक कंपनीमार्फत धाडावें. ती थोडें शुल्क घेते आणि तिच्या अंकांचा लौकिक आधींच मुरलेला असतो. एस. पी. एफ. च्या ओळींत तिचें नांव घालावें लागतें, इतकाच फरक. दरवानाची अर्धी अडचण अशानें दूर होते, आणि किल्ली मात्र घरींच राहते. जी एक गोष्ट कधींहि दुसऱ्याच्या हातीं देऊं नये ती म्हणजे स्वतःचें नांव, ज्याला डोमेन म्हणतात. नांव आपलें असलें तर वाहक बदलतां येतो, यंत्र बदलतां येतें, गांवहि बदलतां येतें, आणि गिऱ्हाइकाला नवा पत्ता कळवावा लागत नाहीं. तें नांव दरवर्षीं मुदतींत नवें करून घेण्यास विसरूं नये.

मस्तगडच्या पेढीनें हें सारें केलें, तर तिनें आरंभ जूनमध्यें करूं नये. फेब्रुवारींत नांव घ्यावें, तिन्ही खुणा लावाव्या. मार्च-एप्रिलमध्यें रोज थोडीं पत्रें धाडून उत्तरें मिळवावीं. मे महिन्यांत गोषवारे तपासून कडक व्हावें. मग मृगाच्या तोंडावर भावांचें पत्र जाईल तेव्हां दरवानाला तें परक्याचें वाटणार नाहीं. व्यापाऱ्याची सचोटी हें खरें भांडवल आहेच. पण परक्या दारीं तिला कोणी आपण होऊन ओळखत नाहीं. तेथें ओळख पटविण्याचा पुरावा जवळ बाळगावा लागतो, आणि तो पटण्यास वेळ द्यावा लागतो.